दीर्घकाळ मोबाइल वापर आणि मेंदूतील गाठी: हा प्रश्न संशोधनाने तपासायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: समाजवैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मेंदूत गाठ झालेले शंभर रुग्ण आणि त्याच रुग्णालयातले इतर आजारांचे शंभर रुग्ण घ्यायचे, दोन्ही गटांना एकच प्रश्नावली द्यायची आणि मोबाइलच्या दीर्घकालीन वापराने गाठीचा धोका वाढतो का ते पाहायचे. शिवाय वाचन करताना एक अभ्यास धोका आहे म्हणतो आणि दुसरा नाही म्हणतो, तेव्हा विश्वास कोणावर ठेवावा, असेही तुम्ही विचारले आहे, आणि प्रबंधाच्या प्रस्तावनेचा मसुदाही पाठवला आहे.

साथरोगशास्त्रात मी बरीच वर्षे काम केले आहे आणि अशा अभ्यासांसाठी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून मुलाखतीही घेतल्या आहेत, म्हणून स्पष्टच लिहिते. विषय महत्त्वाचा आहे आणि तो निवडण्यामागची तुमची तळमळ मला कळते. पण हा आराखडा आहे तसा राबवला, तर दोन वर्षांच्या कष्टानंतर जो आकडा हाती येईल तो कोणत्याही बाजूचा असला तरी कोणाला वापरता येणार नाही. असे का, हे समजण्यासाठी आधीच्या मोठ्या अभ्यासांत नेमके कुठे पाणी मुरले ते पाहावे लागेल. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिथेच आहेत.

भौतिकशास्त्राचा भाग आधी उरकून घेऊ. मोबाइलच्या रेडिओलहरींच्या एका फोटॉनमध्ये, १.८ गिगाहर्ट्झला, सुमारे ७ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकीच ऊर्जा असते. रेणूतला इलेक्ट्रॉन उडवायला साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे दहा लाख पटींहून अधिक. क्ष-किरण ज्या मार्गाने डीएनएला इजा करतात तो मार्ग या लहरींना बंद आहे. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचे किंचित तापणे, आणि ते मर्यादेत राहावे म्हणून डोक्यासाठी शोषणदराची, म्हणजे ऊती लहरींची ऊर्जा किती वेगाने शोषतात त्याची, मर्यादा ठरवलेली आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ती १० ग्रॅम ऊतींच्या सरासरीने किलोला २ वॅट आहे. एवढ्यावर काही जण प्रश्न मिटला असे म्हणतात. मला ते पटत नाही, कारण कर्करोग निर्माण करणारी प्रत्येक गोष्ट डीएनए थेट तोडूनच काम करते असे नाही, आणि यंत्रणा ठाऊक नाही म्हणून परिणामही नाही असे वैद्यकशास्त्रात गृहीत धरता येत नाही. भौतिकशास्त्र एवढेच सांगते, की दावा मोठा आहे आणि त्याला पुरावाही तसाच भक्कम लागेल.

मात्र भौतिकशास्त्राची संशोधकाला एक मोठी मदत होते. फोन कानाला लावला असता मेंदूत शोषली जाणारी ऊर्जा सगळीकडे सारखी पसरत नाही. मोजमापांनुसार तिचा ९७ ते ९९ टक्के भाग फोनच्या बाजूच्या अर्धगोलात शोषला जातो आणि ५० ते ६० टक्के एकट्या टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे कानामागच्या-कानावरच्या भागात. त्यामुळे फोनमुळे गाठी होत असतील, तर त्या याच भागात आणि याच बाजूला जास्त दिसायला हव्यात. हे भाकीत तपासता येते. ते तपासताना काय घडते, ते पुढे येईलच.

आता गाठींबद्दल. संशोधनात मुख्यतः तीन प्रकार पाहिले जातात: मेंदूच्या आधारपेशींपासून होणारा ग्लायोमा, मेंदूच्या आवरणाचा मेनिंजिओमा आणि श्रवणमज्जातंतूवरचा अकूस्टिक न्यूरोमा. तिन्ही दुर्मीळ आहेत. पाश्चात्त्य देशांत ग्लायोमाचे प्रमाण लाख लोकांमागे वर्षाला पाच-सहा इतके आहे. आज फोन वापरणाऱ्या लोकांचा गट घेऊन पुढे त्यांच्यावर नजर ठेवायची म्हटले, तर लाखो लोक आणि अनेक वर्षे लागतात. म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रश्न ऐरणीवर आला तेव्हा संशोधकांनी उलटा मार्ग धरला: ज्यांना गाठ झाली आहे त्यांना गाठायचे, त्याच वयाचे, त्याच भागातले, गाठ नसलेले लोक तुलनेसाठी घ्यायचे, आणि दोघांना मागच्या वापराबद्दल विचारायचे. यालाच आपण केस-कंट्रोल अभ्यास म्हणतो, आणि तुम्हीही तेच करू पाहत आहात.

या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे इंटरफोन. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, त्याचा समन्वय केला आणि एलिझाबेथ कार्डिस यांच्या नेतृत्वाखाली १३ देशांत एकाच प्रश्नावलीने तो झाला. ग्लायोमाचे २,७०८ आणि मेनिंजिओमाचे २,४०९ रुग्ण त्यात होते, वय ३० ते ५९. निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनी सगळ्यांनाच कोड्यात टाकले. नियमित वापर करणाऱ्यांचा ऑड्स रेशो ग्लायोमासाठी ०.८१ आला आणि मेनिंजिओमासाठी ०.७९. ऑड्स रेशो १ असेल तर दोन्ही गटांत फरक नाही, १ पेक्षा जास्त असेल तर धोका, कमी असेल तर संरक्षण. म्हणजे आकडे जसेच्या तसे घेतले, तर मोबाइलवर बोलल्याने मेंदूच्या गाठींपासून बचाव होतो असे म्हणावे लागले असते! दुसरीकडे, एकूण बोलण्याच्या तासांनुसार लोकांचे दहा गट पाडले तेव्हा सर्वांत वरच्या गटात, म्हणजे १,६४० तास किंवा अधिक बोललेल्यांत, ग्लायोमाचा ऑड्स रेशो १.४० आला, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो, १.०३ ते १.८९. खालचे नऊच्या नऊ गट १ च्या खालीच राहिले. वापर वाढत जाईल तसा धोका पायरीपायरीने वाढतो, असे कुठेच दिसले नाही; शेवटच्या पायरीवर मात्र अचानक उडी दिसली.

वर्तमानपत्रांनी त्या वेळी आपापल्या आवडीचा आकडा उचलला. संशोधकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: एकाच अभ्यासात ०.८१ आणि १.४० हे दोन्ही आकडे कसे आले? मला वाटते, या विषयाचा सगळा अभ्यास या एका प्रश्नाभोवती करता येतो.

पहिल्या आकड्याचे बरेचसे उत्तर सहभागात सापडते. बोलावलेल्यांपैकी मेनिंजिओमाचे ७८ टक्के रुग्ण आणि ग्लायोमाचे ६४ टक्के रुग्ण आले, पण तुलनागटातले फक्त ५३ टक्के. जे आले नाहीत त्यांच्यापैकी काहींना संशोधकांनी एक छोटी प्रश्नावली दिली, आणि त्यातून कळले, की तुलनागटातल्या आलेल्यांपैकी ६९ टक्के नियमित मोबाइल वापरत होते, तर नकार देणाऱ्यांपैकी ५६ टक्केच. हे अगदी स्वाभाविक आहे. मोबाइलविषयीचा अभ्यास आहे म्हटल्यावर ज्याच्याकडे मोबाइलच नाही, त्याला आपला काय संबंध असे वाटते. पण त्यामुळे तुलनागटात मोबाइलवाले प्रमाणाबाहेर भरले आणि रुग्णांचा वापर त्यांच्या तुलनेत कमी दिसू लागला. संशोधकांच्या अंदाजानुसार एवढ्या एका कारणाने ऑड्स रेशो सुमारे दहा टक्क्यांनी खाली खेचला गेला असावा. रुग्णांच्या बाजूनेही एक कारण होते. ग्लायोमा निदानाआधी काही महिने डोकेदुखी, झटके, विस्मरण घडवतो, आणि तसा माणूस फोन कमीच उचलतो.

दुसऱ्या आकड्याचे, १.४० चे, उत्तर आठवणीत दडलेले असू शकते. त्यासाठी एका मुलाखतीबद्दल लिहिते, कारण ती मी कधी विसरले नाही. रुग्ण पन्नाशीचे होते, डाव्या टेम्पोरल लोबमधली गाठ काढून आठवडा झाला होता, डाव्या कानाच्या वर टाक्यांची कमान दिसत होती. नेमका शब्द वेळेवर सापडत नसल्यामुळे ते बोलताना थांबत, आणि पत्नी शेजारी बसून वाक्य पुरे करत होत्या. मी विचारले, फोन कोणत्या कानाला लावत होतात? त्यांनी सहज उजवा हात उचलून उजव्या कानाला लावला. मग हात तिथेच थांबला. त्यांनी पत्नीकडे पाहिले, हात खाली घेतला आणि डावा हात हळूच टाक्यांपाशी नेला. “हा,” ते म्हणाले. पत्नींनी मान डोलावली. मी कोणता कान लिहायचा होता? नियमाप्रमाणे मी अंतिम उत्तर लिहिले. त्यानंतरचा प्रश्न होता, सात-आठ वर्षांपूर्वी दिवसाला सरासरी किती वेळ बोलत होतात. “अर्धा तास,” असे पत्नी म्हणाल्या. रुग्णांनी दोन बोटे वर केली. दोन तास. आयुष्यावर कोसळलेल्या या संकटाला काहीतरी कारण असलेच पाहिजे, असा शोध त्या खोलीत चालला होता, आणि माझी प्रश्नावली त्यांच्यापुढे एक कारण ठेवत होती. ते खोटे बोलत नव्हते; त्यांच्या जागी असते तर मीही कदाचित हेच केले असते.

साथरोगशास्त्रात याला रिकॉल बायस, म्हणजे आठवणीमुळे एका बाजूला झुकलेली चूक, म्हणतात, आणि तो मोजलाही गेला आहे. इंटरफोनच्या पडताळणीत सहभागींनी सांगितलेला वापर कंपन्यांच्या नोंदींशी ताडून पाहिला, तेव्हा लोक कॉलची संख्या सरासरीने कमी सांगतात आणि बोलण्याचा वेळ जास्त सांगतात, असे आढळले: संख्या खऱ्याच्या ०.८१ पट, वेळ १.४ पट. त्यातही कमी बोलणारे आपला वापर कमी लेखतात आणि जास्त बोलणारे फुगवून सांगतात. रुग्ण आणि तुलनागट यांची सरासरी चूक जवळच्या काळासाठी फारशी वेगळी नव्हती, पण मागच्या काळात जावे तसा रुग्णांचा अंदाज अधिकाधिक फुगत गेला. दीर्घकालीन वापराच्या अभ्यासात महत्त्व असते ते नेमके याच जुन्या काळाला. सर्वांत वरच्या गटात मूठभर अतिरंजित उत्तरे जमली, तरी तिथला ऑड्स रेशो उचलला जातो. १,६४० तास म्हणजे दहा वर्षे रोज साधारण अर्धा तास. आज ते विशेष वाटत नाही, पण १९९० च्या दशकात एवढे बोलणारा माणूस क्वचितच आढळे, आणि काही उत्तरे तर दिवसाला कितीतरी तास अशी होती, जी विश्वास ठेवण्याजोगी नव्हती.

कानाच्या बाजूचेही तसेच. गाठीच्या बाजूला फोन धरणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला, की तो शारीरिक परिणामाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. पण त्याच अभ्यासात विरुद्ध बाजूचा धोका १ च्या बराच खाली गेला असेल, तर संशय घ्यायलाच हवा, कारण फोनमुळे विरुद्ध बाजूच्या गाठी टळतील असे मानायला काही आधार नाही. उत्तरे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकली आहेत, हाच त्याचा सरळ अर्थ असतो. अकूस्टिक न्यूरोमाची अडचण आणखी वेगळी आहे: ही गाठ त्या कानाचे ऐकणे हळूहळू कमी करते, म्हणून माणूस निदानाच्या कितीतरी आधी फोन दुसऱ्या कानाला लावू लागतो. उलट, फोनवर बोलताना एका कानाने कमी ऐकू येते हे चटकन लक्षात येते आणि गाठ लवकर सापडते.

स्वीडनमधले लेनार्ट हार्डेल आणि त्यांचे सहकारी यांनीही केस-कंट्रोल अभ्यास केले आणि त्यांच्या आकड्यांत धोका इंटरफोनपेक्षा बराच जास्त, दीर्घ वापरात आणखी वाढणारा दिसला. मे २०११ मध्ये आयएआरसीच्या कार्यगटाने मुख्यतः हे दोन पुरावे समोर ठेवून रेडिओलहरींना २बी गटात, म्हणजे “कदाचित कर्करोगकारक” या गटात ठेवले. या वर्गीकरणाचा अर्थ तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत चुकीचा आला आहे, म्हणून सांगते: हे गट धोका किती मोठा आहे हे सांगत नाहीत, पुरावा किती पक्का आहे एवढेच सांगतात. २बीचा अर्थ असा, की मर्यादित पुरावा आहे आणि योगायोग, बायस व इतर घटक यांची शक्यता खात्रीने फेटाळता येत नाही. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे. “जागतिक आरोग्य संघटनेने मोबाइल कर्करोगकारक ठरवला” हे वाक्य कृपया काढून टाका.

आठवणीवर विसंबायचे नसेल, तर आजार होण्याआधीच वापराची नोंद हवी. डेन्मार्कमध्ये १९८२ ते १९९५ दरम्यान ज्यांनी मोबाइलची वर्गणी घेतली अशा चार लाखांहून अधिक लोकांची नावे राष्ट्रीय कर्करोग नोंदणीशी जोडली गेली. २०११ च्या अहवालात ३,५८,४०३ वर्गणीदार होते आणि त्यांच्यात मेंदूच्या गाठी जास्त आढळल्या नाहीत. कोणालाही काही विचारले नसल्यामुळे इथे आठवणीचा दोष शिरायला जागाच नव्हती आणि नकाराचाही प्रश्न नव्हता. पण वर्गणी आणि वापर एकच नव्हेत. कंपनीच्या नावे असलेल्या दोन लाखांहून अधिक वर्गण्या वगळाव्या लागल्या, म्हणजे त्या काळात सर्वांत जास्त बोलणारे नोकरदार “न वापरणाऱ्यांत” जमा झाले. शिवाय १९९५ नंतर ज्यांनी फोन घेतला तेही तिथेच राहिले. अशा सरमिसळीने दोन गटांतला खरा फरक पुसट होतो. म्हणून या अभ्यासाने मोठा धोका नाकारला असे मी म्हणेन; लहान धोका नाकारला असे म्हणणार नाही.

ब्रिटनच्या मिलियन विमेन अभ्यासाने एक पाऊल पुढे टाकले. त्यात स्त्रियांना वापराबद्दल आधी विचारले आणि मग वर्षानुवर्षे नोंद ठेवली. २०२२ च्या अहवालात ७,७६,१५६ स्त्रिया होत्या, सरासरी १४ वर्षांत ३,२६८ जणींना मेंदूची गाठ झाली, आणि फोन वापरणाऱ्यांचा सापेक्ष धोका कधीच न वापरणाऱ्यांच्या तुलनेत ०.९७ होता, इंटरव्हल ०.९० ते १.०४. दहा वर्षांहून अधिक वापरातही वाढ नव्हती. इतका अरुंद इंटरव्हल या विषयात विरळाच. मर्यादा ही, की मध्यमवयीन व त्यापुढच्या स्त्रियांत खूप बोलणाऱ्या थोड्याच होत्या.

ही उणीव भरून काढायला कॉसमॉस अभ्यासाची आखणी झाली. डेन्मार्क, फिनलंड, नेदरलँड्स, स्वीडन आणि ब्रिटनमधल्या लोकांना २००७ ते २०१२ दरम्यान सामील करून घेतले, त्यांचे स्वतःचे अंदाज आणि सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या नोंदी यांची सांगड घालून प्रत्येकाचे एकूण तास दुरुस्त केले, आणि २०२४ मध्ये २,६४,५७४ जणांचे निकाल आले. बोलण्याच्या दर शंभर तासांमागे ग्लायोमाचे धोक्याचे गुणोत्तर १.०० होते, इंटरव्हल ०.९८ ते १.०२. सर्वांत जास्त बोलणाऱ्यांतही जादा धोका दिसला नाही. हा आकडा मला इतर कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, कारण इथे मोजमाप आजाराच्या आधीचे आहे आणि ते नोंदींवर घासून घेतलेले आहे. पण एक गोष्ट नीट पाहा: अडीच लाखांहून अधिक माणसे, सात वर्षांहून अधिक काळ, आणि ग्लायोमाचे रुग्ण किती? १४९. अकूस्टिक न्यूरोमाचे तर २९.

या सगळ्याची एक स्वतंत्र फेरतपासणी करता येते, आणि ती स्वस्त आहे: देशाच्या कर्करोग नोंदणीत गाठींचे प्रमाण वाढले का ते पाहायचे. मोबाइल जवळजवळ शून्यापासून जवळजवळ प्रत्येकाच्या हातापर्यंत फार थोड्या काळात पसरला, त्यामुळे त्याने गाठी होत असतील तर ती वाढ नोंदींत दिसायला हवी. अमेरिकेतल्या १९९२ ते २००८ च्या नोंदींवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात संशोधकांनी असा हिशेब केला, की स्वीडिश गटाने सांगितलेला धोका खरा असता तर २००८ पर्यंत ग्लायोमाचे प्रमाण प्रत्यक्षाहून किमान ४० टक्के जास्त दिसायला हवे होते. तसे दिसले नाही. मात्र इंटरफोनने सांगितलेली, थोड्या अतिवापर करणाऱ्यांपुरती मर्यादित वाढ त्या नोंदींशी विसंगत ठरत नाही, असेही त्याच लेखात प्रामाणिकपणे लिहिले आहे. नॉर्डिक देशांच्या नोंदींतही मोबाइलच्या प्रसाराशी जुळणारी वाढ नाही. इंग्लंडमध्ये १९९५ ते २०१५ दरम्यान ग्लायोब्लास्टोमाचे, म्हणजे ग्लायोमाच्या सर्वांत घातक प्रकाराचे, प्रमाण दुप्पट झाल्याचा लेख तुम्ही उद्धृत केला आहे; आकडे खरे आहेत, पण त्याच काळात कमी दर्जाच्या ग्लायोमांची नोंद घटली, एमआरआय सर्वत्र झाले आणि वयस्क रुग्णांची तपासणी वाढली. एका प्रकारची नोंद वाढताना शेजारच्या प्रकाराची घटत असेल, तर आजार वाढला की नाव बदलले, हे आधी तपासावे लागते.

दीर्घ काळाचा मुद्दा मात्र मी हलक्याने घेत नाही. इस्रायलमध्ये नायट्याच्या उपचारासाठी डोक्यावर क्ष-किरण दिलेल्या १०,८३४ मुलांचा पाठपुरावा झाला, तेव्हा मेनिंजिओमाचा धोका साडेनऊ पट निघाला, आणि अनेक गाठी किरण दिल्यानंतर काही दशकांनी उगवल्या. ते क्ष-किरण होते, रेडिओलहरी नव्हेत, आणि मात्राही मोठी होती. पण मेंदूच्या आवरणातली सावकाश वाढणारी गाठ किती वाट पाहायला लावू शकते, हे त्यातून कळते. आज उपलब्ध असलेले पंधरा-वीस वर्षांचे पुरावे ग्लायोमाबाबत बरेच काही सांगतात, मेनिंजिओमाबाबत तितके नाही. म्हणून या गटांवर आणखी वर्षे नजर ठेवणे हा वायफळ खर्च आहे असे जे म्हणतात, त्यांच्याशी मी सहमत नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिली आहे, तिथे थोडे अधिक हवे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०१८ मध्ये अंतिम अहवाल दिला: नर उंदरांत हृदयाच्या मज्जावेष्टनाच्या घातक गाठींचा “स्पष्ट पुरावा” आणि मेंदूतल्या ग्लायोमाचा “काहीसा पुरावा”. इथे उंदीर म्हणजे मोठे, रॅट जातीचे. त्यांना गर्भावस्थेपासून दोन वर्षे, दिवसाला नऊ तास, पूर्ण शरीरावर किलोला ६ वॅटपर्यंत लहरी दिल्या. सामान्य माणसाच्या पूर्ण शरीरासाठीची मर्यादा किलोला ०.०८ वॅट आहे, म्हणजे ७५ पट. माद्यांत असा स्पष्ट परिणाम नव्हता, आणि लहरी मिळालेले नर न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले, त्यामुळे त्यांना गाठ होण्याइतके आयुष्यही मिळाले. हा पुरावा टाकून देण्याजोगा नाही. पण फोन कानाला लावणाऱ्या माणसावर तो जसाच्या तसा लावताही येत नाही. मुलांच्या बाबतीत मोबी-किड्स हा सर्वांत मोठा अभ्यास आहे: १४ देश, त्यात भारतही, वय १० ते २४, ८९९ रुग्ण. वापर आणि गाठ यांत कारणसंबंध दिसला नाही. ऑड्स रेशो इथेही १ च्या खाली गेले आणि त्यामागेही आजारपणातला घटलेला वापर व पालकांनी दिलेली उत्तरे यांचाच संशय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला २०२४ चा पद्धतशीर आढावा ६३ लेखांवर आधारलेला आहे, आणि मोबाइल वापराने मेंदूच्या गाठींचा धोका बहुधा वाढत नाही, असा निष्कर्ष त्याने मध्यम खात्रीने काढला आहे. माझे मत त्याच्या जवळचे आहे: आतापर्यंतच्या फोनच्या, आतापर्यंतच्या वापराने ग्लायोमाचा धोका लक्षात येण्याइतका वाढतो असे मानायला आज आधार नाही. आणि असेही लक्षात घ्या, की इंटरफोनचा १.४० हा आकडा अक्षरशः खरा मानला, तरी लाखामागे वर्षाला पाच रुग्णांचे सात होतील.

आता तुमच्या आराखड्याकडे. शंभर रुग्ण आणि शंभर तुलनेचे हा आकडा तुम्ही वेळ आणि आवाक्याकडे पाहून घेतला आहे, पण त्याचा हिशेब करा. तुलनागटात अतिवापर करणारे १० टक्के आहेत असे धरले, पाच टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) ठेवली, तर १.४ चा ऑड्स रेशो पकडायला प्रत्येक गटात सुमारे १,३५० माणसे लागतात. शंभर-शंभरात तुम्हाला तिप्पट धोकाच पकडता येईल, आणि तिप्पट धोका असता तर तो नोंदण्यांमध्ये केव्हाच दिसला असता. दुसरे, रुग्णालयातले इतर रुग्ण हा तुलनागट धोक्याचा आहे. अपघात, मानदुखी, डोकेदुखी यांचे रुग्ण त्यात आले तर त्यांचा फोनचा वापर सर्वसाधारण लोकांसारखा असेलच असे नाही. तिसरे, आज “मोबाइल वापरता का” या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस मिळणे कठीण, त्यामुळे तुलना वापराच्या कमी-जास्तपणाची करावी लागेल, आणि तो मोजणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. लोक इअरफोन लावतात, स्पीकरवर बोलतात, इंटरनेटवरून कॉल करतात, ज्यांची मिनिटे कंपनीच्या कॉल-नोंदीत येत नाहीत. शिवाय फोन आपली शक्ती गरजेनुसार बदलतो: सिग्नल कमजोर असेल तर जोर लावतो, चांगला असेल तर अगदी थोड्यात भागवतो, आणि ३जी फोन जुन्या जीएसएम (२जी) फोनच्या सरासरी शंभरावा हिस्सा इतकीच शक्ती वापरत असल्याचे मोजमापांत आढळले आहे. त्यामुळे पूर्वीचा एक तास आणि आजचा एक तास एकाच रकान्यात बेरजेला घेता येत नाहीत.

तुमच्या हातात दोन वर्षे आणि एक रुग्णालय आहे. त्यात गाठीचा धोका मोजता येणार नाही, पण ज्या मोजमापावर हे सगळे शास्त्र उभे आहे त्याची चाचणी घेता येईल, आणि आजच्या फोनसाठी ती फार थोड्यांनी घेतली आहे. दोनेकशे सज्ञान व्यक्ती घ्या. त्यातल्या निम्म्या मेंदूशी संबंध नसलेल्या गंभीर आजाराच्या असू द्या, म्हणजे आजारपणाने आठवण कशी बदलते हेही दिसेल. मागच्या तीन महिन्यांत दिवसाला किती मिनिटे बोललात, किती कॉल केले, कोणत्या कानाने, किती वेळ इअरफोनवर, किती इंटरनेटवरून, हे विचारा. मग त्यांच्या लेखी संमतीने फोनमधली कॉल-नोंद आणि ॲपची वापर-नोंद पाहून खरी मिनिटे उतरवा, फक्त मिनिटे. क्रमांक आणि नावे पाहू नका आणि नोंदवूही नका. सहा महिन्यांनी त्याच व्यक्तींना त्याच जुन्या तीन महिन्यांबद्दल पुन्हा विचारा. कोणता कान, हे विचारण्याआधी बोलता बोलता त्यांना एक साधा कॉल घ्यायला सांगा आणि हात कोणत्या बाजूला जातो ते स्वतः पाहून लिहा. आणि पहिल्या दिवसापासून एक क्रम काटेकोर पाळा: उत्तर कागदावर उतरून त्याखाली सही होईपर्यंत त्या व्यक्तीचा फोन हातात घेऊ नका.